आजीच्या दुपारी

टिंग.

आणि लगेच पुन्हा एकदा, टिंग. पेल्याच्या काठावर चमचा आपटल्याचा आवाज. तसा काही मोठा नव्हता. एरवी स्वयंपाकघरात भांड्यांची अख्खी मांडणी कोसळली तरी “काय पडलं गं?” एवढंच विचारून टाके घालत राहणारी ती, पण या आवाजाला तिच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली.

भर दुपार. रस्त्यावरची वर्दळ ओसरलेली, वरच्या मजल्यावरचा रेडिओ बंद झालेला, आणि लेक टिल्ली झोपली आहे या भरवशावर ती खिडकीपाशी कुणाचा तरी राखाडी कोट मांडीवर घेऊन बसली होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. चमचा निथळवायला काठावर दोनदा आपटायचा तो आवाज या घरात एकाच माणसाचा होता, आणि ते माणूस जाऊन सहा महिने होत आले होते.

दबक्या पावलांनी ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. टिल्ली जमिनीवर पाय फाकून बसली होती. बाहुली भिंतीला टेकवून ठेवलेली, गळ्याशी तोंड पुसायचा रुमाल खोचलेला. टिल्लीने रिकाम्या पेल्यात चमचा फिरवला, काठावर आपटून निथळवला आणि बाहुलीची हनुवटी एका बोटाने वर केली.

“आ कर. मोठा आ. कडू नाहीये म्हटलं ना? मी काय वैरीण आहे तुझी?”

अडीच वर्षांच्या पोरीच्या तोंडी ‘वैरीण’! शब्दाचं एक वेळ जाऊ दे, पोरं पोपटच असतात. पण ते ‘म्हटलं ना’ म्हणताना आवाज जरा वर उचलून खाली टाकणं, आणि मग बाहुलीने औषध गिळलं की नाही हे बघायला मान तिरकी करून थांबणं, ते कुठून आलं? दारात उभी राहून ती बघत राहिली. हाक मारायचा धीर होईना. टिल्लीला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी हाक जाईल असं वाटलं.

सासूबाई जन्मभर इस्पितळात सिस्टर होत्या. नोकरीतून मोकळ्या झाल्या त्याला जमाना लोटला, तरी सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणायची. कुणाचं पोर तापलं, कुणाला गळू झालं, कुणाचा रक्तदाब चढला, की पहिली हाक त्यांना. वॉर्ड सुटला म्हणून त्यांनी घराचाच वॉर्ड केला. चादरीचे कोपरे असे आवळून दुमडायच्या की आत शिरताना पाकिटात पत्र घातल्यासारखं अंग सरकवावं लागे. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, म्हणायचा, “लोक घरी जाऊन झोपतात. आम्ही घरी जाऊन ॲडमिट होतो.”

ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करायची. टिल्ली पुरती मान धरायच्या आत ती परत कामावर रुजू झाली होती, कारण एकाच्या पगारात भागण्यासारखं नव्हतंच. सकाळी टिल्लीला सासूबाईंच्या हातात द्यायची आणि निघायची, ते परत येईपर्यंत दिवे लागलेले असत. दुपारी आपलं घर कसं दिसतं, ऊन कुठून कुठे सरकतं, पोर झोपेतून उठताना आधी हसतं की रडतं, यातलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. दुपार सासूबाईंची होती.

आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकावं, तर सासूबाई दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलेल्या. हातात कसलीशी घडी. मान न वळवता म्हणायच्या, “आलात का बाईसाहेब? ही तुमची मुलगी बरं का. म्हटलं ओळख करून द्यावी.”

असं एकदा नाही, उठसूट. तिने ते हसण्यावारी न्यायला शिकून घेतलं होतं. तरी एके दिवशी न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून, ती पोटभर रडली होती. बाहेर आली तर टेबलावर पाण्याचा पेला, वर झाकण. तो रोजच तिथे असायचा. सासूबाई स्वतःसाठी भरून ठेवत असतील, असं समजून तिने कधी त्याला हात लावला नव्हता.

मग साध्या तापाचं निमित्त झालं. सासूबाईंनी पिशवी स्वतःच भरली, जिना स्वतःच्या पायांनी उतरल्या, रिक्षात बसताना मुलाला बजावलं, “गॅसवर दूध आहे, उतू घालवलंस तर बघ.” ते दूध उतू गेलं नाही. त्या परत आल्या नाहीत.

टिल्लीने दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, “आजी कुठेय?” नवरा नुकताच सगळं आटोपून आला होता, चेहरा ओळखू येत नव्हता. लहानपणी आईबद्दल हाच प्रश्न त्यानेही रोज विचारलेला, आणि त्याला ज्या एका वाक्यावर गप्प केलं जाई तेच त्याच्या तोंडून निघून गेलं.

“आजी ड्युटीला गेलीय.”

टिल्लीने मान डोलावली. ड्युटी हा तिला नीट कळणारा शब्द होता; आई जाते, बाबा जातो, संध्याकाळी येतात. त्या वाक्याला कुणी हात लावला नाही. आज सांगू, उद्या सांगू करत ते तसंच घरात राहून गेलं.

पोरीला सांभाळायला आता दुसरं कोण? तिने दुकानाच्या मालकाच्या हातापाया पडून दुपारनंतरचं काम घरी आणायची परवानगी मिळवली. टिल्लीला सकाळपुरती शेजारी ठेवायची, जेवणाच्या वेळेला कपड्यांचं बोचकं घेऊन परत. दुकानात इस्त्री करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “मजा आहे बाई तुझी! घरी बसून काम. मला इस्त्री घरी नेऊ देत नाही हा मेला.”

“मावशी, घरी पण इस्त्रीच असते. पोर म्हणजे तापलेली इस्त्रीच. हात लावला की भाजतं, सोडून दिली की जाळते.”

“काय बोलतेस! आता सासूची जीभ चढली हो तुला,” मावशी म्हणाल्या आणि स्वतःच चपापून इस्त्रीकडे वळल्या.

चमच्याच्या त्या दुपारनंतर तिचे कान टवकारले ते टवकारलेच. इतके महिने हे होतंच असणार. तिचं लक्ष नव्हतं. आता एकेक दिसायला लागलं. टिल्ली रंगीत खडू घ्यायची, बाहुलीच्या काखेत खुपसायची, ओठ घट्ट मिटून थांबायची. मग खडू काढून कोपरापासून अख्खा हात दाणकन खाली झटकायची, हातपंप मारल्यासारखा, आणि खिडकीकडे धरून एक डोळा बारीक करून बघायची. पाऱ्याचं थर्मामीटर! घरात आता नुसतं टूं करणारं बॅटरीचं होतं. पाऱ्याचं, सासूबाई गेल्यावर, त्यांच्या पेटीबरोबर माळ्यावर गेलेलं. कोपरापासून हात झटकायची ती गंमत बघून तिला हसू आवरेना. एवढीशी पोर, तिला मनगट कुठलं वळवता येणार?

एके संध्याकाळी नवरा कामावरून आला, हातापायाला ग्रीसचा वास तसाच, आणि खोलीत डोकावला. टिल्लीने कमरेवर हात ठेवले.

“चला चला. भेटायची वेळ संपली. पेशंटला झोपू द्या.”

“अहो सिस्टर, दोनच मिनिटं,” तो हात जोडून म्हणाला. त्याला खेळ वाटला.

“दोन मिनिटं म्हणत म्हणत चार होतात. मला सांगू नका. चला.”

त्याचे हात जोडलेलेच राहिले. मग तो वळून गॅलरीत गेला आणि बराच वेळ ग्रीसचे हात चिंधीला पुसत राहिला, पुसून झाले तरी. ती मागे जाऊन उभी राहिली.

“तू पण ऐकलंस ना?”

“पोरं माकडं असतात,” तो म्हणाला. “जे बघतात ते करतात.”

“पण आता कुठे बघतेय ती?”

त्याने चिंधीची घडी घातली. त्या घरात आईच्या खुर्चीवरही तो अजून बसला नव्हता. टीव्हीसमोर जमिनीवर बसायचा आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरायचा.

खिडकीचं तिला कळलं ते मात्र अगदी उशिरा, आणि तेही ती घरात असताना, याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं.

ऊन उतरलं होतं. ती मोरीत टिल्लीचे कपडे खळबळत होती. बाहेरच्या खोलीत फरफर आवाज झाला, स्टूल ओढल्याचा. पोरगी खिडकीत चढतेय! ती साबणाच्या हातांनीच धावली. खिडकीला गज होते, भीती नव्हती, तरी धावली. आणि दारातच थबकली.

टिल्ली स्टुलावर उभी होती, बाहुलीला कडेवर घेऊन. नाक गजांत खुपसलेलं. रस्ता जिथे वळतो त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून बाहुलीच्या कानात बोलत होती.

“बघ हं. आता येईल. हिरवी पिशवी दिसली की ओरडायचं नाही. नुसतं बघायचं.” थोडं थांबून, “उशीर झाला गं आज. दमली असेल बिचारी. डोळे फोडून काम करायचं, सोपं नाही.”

हिरवी पिशवी. तिची पिशवी. दुकानात नेते ती, कपड्यांची.

“आली, आली, आली!” टिल्ली कुजबुजली, आणि बाहुलीला घेऊन घाईघाईने, अर्धी घसरत, स्टुलावरून उतरली, स्टूल भिंतीशी ढकललं, पळत जाऊन आजीच्या खुर्चीत दाराकडे पाठ करून बसली. बाहुलीच्या तोंडावर हात ठेवला. “गप्प. आपण नाही हं बघितलं. आपल्याला काही माहीत नाही.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. हातावरचा साबण कोपरापर्यंत ओघळला.

म्हणजे रोज. रोज संध्याकाळी ती कोपऱ्यावर वळायची तेव्हा या खिडकीत दोन चेहरे असायचे. तिने कधी वर पाहिलं नव्हतं. वर काय पाहायचं होतं? जिना चढताना पुढचा टोमणा कोणता असेल याची ती मनात तयारी करायची, आणि वर एक म्हातारी नातीला घेऊन धापा टाकत खुर्ची गाठायची, चेहरा कोरा करून बसायची. आणि झाकलेला पेला. तो तिने एकदाही उचलला नव्हता.

तिने जाऊन खिडकीतून पाहिलं. रस्ता वळतो तिथे दुकानांचे दिवे लागत होते. एक माणूस शिडी खांद्यावर टाकून चालला होता, कुणीतरी मुलाला ओढत नेत होतं. तिला उगाचच वाटलं, आत्ता तिकडून आपणच येऊ. मान खाली, हिरवी पिशवी, दमलेले पाय. वर न बघता येऊ. आणि इथून हाक मारली तरी ऐकू जाणार नाही.

नवरा आल्यावर तिने सांगितलं. तो म्हणाला, “आईला असलं दाखवता यायचं नाही कुणाला. मला कधी जवळ घेतलं तर आधी ताप बघतेय असं करायची.” आणि हसला. आणि हसता हसता उठून आत गेला.

तिथून तिला ध्यासच लागला.

सासूबाईंशी तिचं बोलणं राहून गेलं होतं, पाच वर्षं एका छपराखाली राहून. आता त्या दुपारी जशा होत्या तशा परत मिळायची एकच जागा उरली होती, आणि ती जागा अडीच वर्षांची होती, नाक पुसायची तिला अक्कल नव्हती, आणि रोज काहीतरी विसरत होती. परवा ‘वैरीण’ म्हणायची, आता नुसतं ‘आ कर’ म्हणते. हे गळत चाललंय, हे तिला कळत होतं. सगळं गळून जायच्या आत मिळवायला हवं होतं.

ती विचारायला लागली. आंघोळ घालताना, केळं भरवताना, बुटाचा बंद बांधताना.

“आणि मग दुपारी आजी काय करायची गं?”

“औषध द्यायची.”

“आणि मग?”

“मग झोप म्हणायची.”

“आणि माझ्याबद्दल काय म्हणायची? आईबद्दल?”

टिल्ली विचार करायची. आई उत्तराची वाट बघतेय आणि उत्तर दिलं की आईचा चेहरा खुलतो, हे तिच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? “आजी म्हणायची आई छान आहे.” मग, “आजी म्हणायची आईला बिस्किट दे.” मग, आईचे डोळे मोठे होतायत असं बघून, “आजी उडायची!”

“उडायची?”

“हो! खिडकीतून! भुर्रर्र!”

ती हसली खरी, पण यातलं खरं किती ते तिला कळेना. तरी थांबली नाही. मोबाईल लपवून तिचा व्हिडिओ काढायची. टिल्ली खडू घेऊन बसली की कामाचा कपडा खाली ठेवून पुढे सरकायची. “असं नाही पिल्लू. असं बघ. आजी असं करायची.” सासूबाईंना ते करताना बघायला ती घरात कुठे असायची, पण इस्पितळातल्या सिस्टर पारा कसा उतरवतात ते तिने कितीदा पाहिलं होतं, मनगटाचा एक हलका झटका, लचकदार. तिने टिल्लीचं मनगट हातात धरून दाखवलं. “कोपर नाही हलवायचं. नुसतं मनगट. हां, हां, अस्सं!” टिल्ली शहाणी पोर, दोन दिवसांत शिकली.

त्याच सुमारास मावशींनी दुकानात तिच्या हातातला कोट ओढून घेतला. सिगारेटने भोक पडलेला, बायकोला कळता कामा नये म्हणून गिऱ्हाईक गयावया करून देऊन गेलेलं. “अगं, किती धागे काढशील आतल्या दुमडीतून? तीच उसवायला लागली बघ. भोक बुजेल आणि कोट फाटेल. कुठे लक्ष आहे तुझं?” रफूचा धागा बाहेरून आणायचा नसतो, त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून काढायचा, म्हणजे रंग जुळतो, पण बेतानंच. हे तिला मावशींनी सांगायची गरज पडावी, याची तिला लाज वाटली. “झोप झाली नाही,” ती म्हणाली.

रविवार होता, नवरा घरी. पंख्याखाली आडवा होता. टिल्लीने त्याच्या काखेत खडू खुपसला, थांबली, काढला, आणि मनगटाने हलकेच झटकून उजेडाकडे धरला.

“बघ, बघ,” ती आतून आली, हात पुसत. “बघ कशी करते! हुबेहूब ना?”

तो उठून बसला. टिल्लीच्या हाताकडे बघत राहिला.

“परत कर.”

टिल्लीने परत केलं. नीट. लचकदार.

“हे आईचं नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“आईचं मनगट वळायचंच नाही. मी शाळेत होतो तेव्हा वॉर्डातल्या ओल्या फरशीवर पडली होती ती. हाड नीट बसलं नाही. त्यानंतर थर्मामीटर कोपरापासून झटकायची, असा, दाणकन. नव्या सिस्टरी हसायच्या तिला, सिस्टर पंप म्हणायच्या. आम्ही घरात पण चिडवायचो.” त्याने हवेत हात झटकून दाखवला. कोपरापासून. हातपंपासारखा. “टिल्ली असंच करायची ना? मागच्या महिन्यात? मी बघितलं होतं. मला वाटलं...” तो थांबला. “हे कुणी शिकवलं हिला?”

तिचा उजवा हात, ओला फडका धरलेला, मनगटातून वळलेल्या स्थितीत तसाच वर राहिला होता, आणि तो त्या हाताकडे बघत होता.

“होतं ते बरोबर होतं गं,” तो म्हणाला. रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तिने घाईघाईने टिल्लीला जवळ घेतलं. “पिल्लू, आधी कसं करायचीस? तसं कर ना. कोपरापासून, असं, असं बघ.” टिल्लीने हात सोडवून घेतला. आधीचं तिच्यात नव्हतं. तिने आईकडे बघितलं, बाबाकडे बघितलं, काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं, आणि खडू जमिनीवर टाकून ती रडायला लागली. “मी केलं ना! मी नीट केलं ना!”

“केलंस गं, केलंस, सोन्या, नीटच केलंस.”

तिने पोरीला पोटाशी धरलं. त्या दोघींच्या डोक्यांवरून नवऱ्याने हात फिरवला, आणि खुर्ची जवळ होती म्हणून, लक्षात न येताच, तो आईच्या खुर्चीत बसला.

त्यानंतर तिने विचारणं सोडलं. सोपं नव्हतं. प्रश्न जिभेवर यायचा, ती तो गिळायची. मोबाईल फळीवर राहिला. टिल्ली खडू घेऊन बसली की ती मुद्दाम कपड्यात मान घालायची. आणि गंमत अशी की मान खाली घातल्यावर तिला पोरगी जास्त दिसायला लागली. झोपेतून उठताना ती आधी हसत नाही की रडत नाही, आधी आपले पाय शोधते, हे कळलं. दुपारच्या झोपेत तिची टाच आईच्या मांडीला कुठे टेकते ते कळलं. टाच गरम असायची आणि जरा खरखरीत, सगळा दिवस अनवाणी पळून. एकदा एका वकिलाच्या काळ्या कोटाच्या अस्तरात बिस्किटाचा चुरा सापडला आणि तो झटकताना तिला वाटलं, हे सगळं सासूबाईंनी बघितलंय. ही टाच. हा चुरा. रोज, एकटीने. आपल्याला कुणी सांगितलं नाही की हे एवढं असतं. मग वाटलं, सांगितलं असेलही. ‘ही तुमची मुलगी बरं का. म्हटलं ओळख करून द्यावी.’ टोमणाच होता तो. पण त्यात आणखीही काही असेल, असं आता दुपारी एकटीने बसून म्हणायला कुणाची हरकत होती?

गळायचं ते गळत राहिलं. भेटायची वेळ संपली हे टिल्ली म्हणेनाशी झाली. चमचा ती आता ढोल वाजवायला घ्यायची. बाहुली आजारी पडायची थांबली. बाहुली आता बस चालवायची. खिडकीचा खेळ सगळ्यात शेवटपर्यंत टिकला. संध्याकाळी स्टूल ओढल्याचा फरफर आवाज झाला की ती मोरीत उभी राहून कान देऊन ऐकायची, पुढे यायची नाही. आधी ‘दमली असेल बिचारी’ गेलं. मग ‘गप्प’ गेलं. मग नुसतंच स्टुलावर चढणं राहिलं, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला हाका मारणं.

आणि एका संध्याकाळी स्टूल वाजलंच नाही.

ती थांबली. नळ बंद केला, म्हणजे आवाज चुकायला नको. काही नाही. बाहेर आली तर टिल्ली जमिनीवर बटणांचा डबा उपडा करून रमली होती. मोठी मोठ्यात, छोटी छोट्यात. खिडकीत कुणी नव्हतं. ऊन उतरत होतं, रस्ता वळतो तिथे दुकानांचे दिवे लागायला लागले होते, आणि त्या वेळी त्या खिडकीत कुणीही नसणं तिला सहन झालं नाही. ती स्वतःच जाऊन उभी राहिली. गज गार होते. त्यांच्यावर एका विशिष्ट उंचीला रंग गेलेला होता, घासून घासून. तिच्या खांद्यापेक्षा थोडा खाली, सासूबाईंचा हात पोचेल तिथे.

ती उभी राहिली तशी टिल्ली मान वर करून बघायला लागली. मग बटणं सोडून आली, आईचा पदर ओढला. तिने पोरीला उचलून कडेवर घेतलं. दोघी रस्त्याकडे बघत राहिल्या. टिल्लीचा श्वास तिच्या गालावर येत होता, दुधाचा आणि जराशा बटणांच्या गंजाचा वास असलेला. एवढं पुरे होतं. खरं तर एवढं खूप होतं. पण तिच्याने राहवलं नाही. इतक्या दिवसांचं गिळलेलं तोंडातून निघूनच गेलं.

“टिल्ली... आजी आठवते का गं तुला?”

टिल्लीने जराही वेळ न घेता मान डोलावली. बिस्किट हवं का म्हटलं तरी ती अशीच डोलवायची. मग आईच्या कानातलं कुरवाळत ती कोपऱ्यावरच्या दिव्यांकडे बघत राहिली, भुवया जवळ आलेल्या, काहीतरी जुळवत असल्यासारखी. तिचं बोट थांबलं.

“आई,” ती म्हणाली, “आणि आजीला मी आठवते?”